भंगार म्हणे!

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. 'पार्किंगमधील भंगार सायकली दोन दिवसांत हलवाव्यात, अन्यथा भंगारवाल्यास देण्यात येतील.' खाली फोटो. त्यातली पहिलीच सायकल आमच्या वॉचमनकाकांची! रोज रात्रपाळीला ते तिच्यावरूनच वारज्याहून कोथरूडला येतात. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली, कॅरिअरला ट्यूबच्या पट्टीने डबा बांधलेला. फोटोत डबा चक्क दिसतोय. भंगारात कोण डबा ठेवतं हो?

आणि जागा कशाला हवीय? एका फ्लॅटच्या तिसऱ्या गाडीला. हीच कमिटी 5 जूनला गेटवर 'पर्यावरण वाचवा' असा बॅनर लावते. तो बांधायला शिडीवर काकाच चढतात.

माझ्या लिस्टमधल्या लोकांना हवामानबदल समजावून सांगायची गरज नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे तुम्हाला माहीत आहे. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला गाडी काढली तर इंजिन तापायच्या आत बंद करावं लागतं, म्हणजे ॲव्हरेजची आणखी बोंब. रविवारी पहाटे महागडी सायकल एसयूव्हीला बांधून खडकवासल्याला न्यायची आणि तिथे चालवायची, यालाही आपल्याकडे पर्यावरणप्रेम म्हणतात. काका वर्षानुवर्षं पेट्रोलचा थेंब न जाळता कामावर येतात, ते मात्र भंगारात.

हो, माहितीये, काका हौसेने सायकल चालवत नाहीत. परवडली तर उद्या स्कूटर घेतील. आणि का घेऊ नये? रात्री कानाजवळून डंपर जातो तेव्हा कुणाला हौस राहील? माझा राग त्याच्यावरच आहे. जी माणसं आत्ता चालतायत, सायकल मारतायत, त्यांना आपण रोज थोडं थोडं हाकलतोय आणि वर परिसंवादात 'लोकांना सायकलकडे कसं वळवावं' यावर डोकं खाजवतोय. आधी आहेत ते तरी टिकवा!

कागदावर सगळं झालंय. पुण्याचं पादचारी धोरण 2016 चं, सायकल आराखडा 2017 चा. प्रत्यक्षात सायकल ट्रॅकवर भुर्जीची गाडी, पुढे विजेची डीपी, पुढे कुणाचीतरी बुलेट, आणि मग ट्रॅकच गायब. 11 डिसेंबरला, पादचारी दिनी, लक्ष्मी रोडचा एक तुकडा गाड्यांना बंद ठेवतात, ते मला मनापासून आवडतं. दुसऱ्या दिवशी तिथेच फुटपाथवर मागून हॉर्न वाजतो.

कुणीतरी लिहीलच की आपण म्हणजे हॉलंड नव्हे. अहो, हॉलंडही तेव्हा आजचं हॉलंड नव्हतं. 1971 साली तिथे रस्त्यांवर 3,000 हून जास्त माणसं मेली, त्यात 400 च्या वर लहान मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, 1973 ला तेलाचं संकट आलं, मग कुठे शहरं बदलायला लागली. तिथली माणसं आपल्यापेक्षा शहाणी जन्मली नव्हती, भांडली.

बरं, ऊन आहे, चढ आहेत, गुडघे आहेत, मान्य. त्यांनी पीएमपीच्या बसने जावं. मीही स्कूटर चालवते, कमेंटमध्ये आठवण करून देऊ नका.

दुपारी काकांना फोन केला. म्हणाले, "ताई, कशाला वाद? मी बाहेर भिंतीला लावत जाईन." बाहेर भिंतीला, म्हणजे रात्रभर रस्त्यावर. जो माणूस आपल्या गाड्यांवर रात्रभर नजर ठेवतो, त्याने स्वतःची सायकल चोरांवर सोडायची! एवढ्या सहज म्हणाले की मलाच पुढे बोलवेना. सकाळपासून नुसती चिडले होते, तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं. कमिटीतली माणसं दुष्ट नाहीत हो. गणपतीत याच लोकांनी काकांच्या मुलीच्या फीसाठी वर्गणी काढली होती. पण सायकल दिसली की त्यांना अडगळच दिसते, त्याला काय करायचं?

मग सेक्रेटरींना लिहिलं की गेटपाशी स्टँड करा, एका गाडीच्या जागेत आठ-दहा सायकली आरामात मावतात. उत्तर आलं, 'पार्किंग सदस्यांसाठी आहे, कर्मचाऱ्यांसाठी नाही.'

ठीक आहे. मी सदस्य आहे. माझ्या नावावरच्या पार्किंगमध्ये माझी एकटी स्कूटर असते, बाकी जागेत सगळ्यांच्या पाहुण्यांच्या गाड्या घुसतात आणि मी आजवर चकार शब्द काढलेला नाही. उद्यापासून तिथे काकांची सायकल लागेल, पेपरवाल्याची लागेल, स्वयंपाकाच्या ताईंच्या मुलाची लागेल. पाहुण्यांनी गाड्या बाहेर भिंतीला लावाव्यात.