सगळी सहनशीलता नव्यांनीच दाखवायची का?

उपासनेनंतरच्या बायबल अभ्यासात आज जे झालं ते डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबलं.

एक नवा भाऊ येतो आपल्यात. बाप्तिस्मा होऊन, म्हणजे पाण्यात उतरून विश्वास जाहीर करून, फार दिवस झालेले नाहीत. तो मध्येच उठून म्हणाला, "तुम्ही सगळे कोमट झालात, कुणात आवेशच उरला नाही." त्यावर मंडळीतले एक वडील, म्हणजे चर्चमधले एक ज्येष्ठ पुढारी, सगळ्यांदेखत म्हणाले, "आधी तुझ्यातला जुना मनुष्य मरू दे, मग आम्हाला शिकव." जुना मनुष्य म्हणजे विश्वासाआधीचा पापी स्वभाव. काही जण हसले. हसले! पोराने शास्त्र मिटलं आणि निघून गेला. नंतर समारोपाची प्रार्थना काय झाली, तर "प्रभू, आम्हाला नम्र कर."

हो, तो उद्धट बोलला. मान्य. पुढे.

याच पोराला बाप्तिस्मा झाल्या झाल्या साक्ष द्यायला कुणी उभं केलं? रागीट माणूस कसा बदलला हे ऐकून हालेलुया कुणी म्हटलं? नवशिक्याला अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी, करू नका, तो गर्वाने फुगेल, असं प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहितो. ते अध्यक्षाबद्दल आहे, साक्षीबद्दल नाही, ठाऊक आहे मला. पण धोका तोच ना? आधी माइक देऊन फुगा फुगवायचा, मग चारचौघांत टाचणी लावायची.

एवढी साक्ष दिल्यावर त्या पोराने घरी आवाज चढवला की घरचे म्हणणार, "हाच का तुझा नवा जन्म?" पाण्यातून वर आलो की राग खालीच राहील, असं त्याला वाटलेलं असतं. तो राहत नाही. मग रात्री मनात येतं, माझा पश्चात्तापच खोटा होता की काय. हे कुणाजवळ बोलायची सोय नाही, कारण बाकी सगळे शांत चेहऱ्याने बसलेले. मला तर वाटतं, आज तो 'कोमट' म्हणाला ते निम्मं स्वतःलाच म्हणत होता. आवाज कापत होता त्याचा.

आणि आपण कुणाचे वारस? शोमरोनी गावाने प्रभूला ठेवून घेतलं नाही, तर त्याचे शिष्य याकोब आणि योहान आकाशातून अग्नी पाडायला निघाले होते. प्रभूने धमकावलं त्यांना, पण बारा शिष्यांतून काढलं नाही. पेत्राने तर प्रभूच्या अटकेच्या रात्री महायाजकाचा दास मल्ख याचा कान कापला, इतका काळ प्रभूच्या सोबत राहून! "प्रीती सहनशील आहे" लिहिणारा पौल, आधीच्या प्रवासात मध्येच सोडून गेलेल्या मार्कावरून, आपला सोबती बर्णबा याच्याशी एवढा भांडला की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तोही कोण बर्णबा? सगळे शिष्य पौलाला घाबरत होते तेव्हा त्याला प्रेषितांकडे घेऊन जाणारा! पुढे त्याच मार्काला सोबत आण, तो उपयोगी आहे, असं पौलच लिहितो. पण मध्ये वर्षं गेली. आपल्याला मात्र नव्या माणसात सौम्यता लगेच हवी.

चूक दाखवायचीच नाही का? दाखवा की. अपुल्लो नावाचा उपदेशक सभास्थानात मोठ्या आवेशाने बोलायचा आणि त्याला ठाऊक होता फक्त बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप्तिस्मा. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या विश्वासू जोडप्याने तिथेच उभं राहून त्याला गप्प केलं नाही. त्याला आपल्याकडे नेलं आणि मार्ग नीट समजावून सांगितला. एवढंच हवं होतं आज. एखाद्याने दाराबाहेर जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता.

त्या वडिलांना मी नंतर म्हटलं, "त्याला फोन कराल का?" म्हणाले, "आधी त्याने क्षमा मागावी." म्हणजे विश्वासात जुने हे आणि पहिलं पाऊल टाकायचं त्या पोराने!

आता कमेंटमध्ये कुणीतरी १ पेत्र ५:५ टाकेलच, तरुणांनी वडिलांच्या अधीन असावं म्हणून. टाका, पण पूर्ण टाका. त्याच वचनात पुढे नम्रता सगळ्यांनाच सांगितली आहे.