तुमच्यापुढे वाढतील ते खा

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू आपल्या शिष्यांना गावोगाव पाठवताना थैली घेऊ नका, वहाणा घेऊ नका अशा कडक सूचना देतो आणि पाठोपाठ, आठव्या वचनात, अगदी सोपी वाटणारी एक आज्ञा करतो : लोक तुमच्यापुढे जे वाढतील ते खा. धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत शिकत असताना आम्ही हे वचन फारसा विचार न करता ओलांडले होते, कारण तिथल्या भोजनगृहात वाढलेले खाण्यावाचून दुसरा मार्गच नसे. जर्मनीतल्या बव्हेरियातील पाच खेड्यांच्या एकत्रित धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, सेवेसाठी आल्यावर मात्र माझी खात्री पटली की थैली आणि वहाणा सोडणे ही शिष्यत्वाची बालवाडी असून खरी परीक्षा आठव्या वचनात दडलेली आहे. माझ्या बाबतीत त्या परीक्षेचा एकमेव विषय केक हा आहे.

आमच्या धर्मग्रामात अशी प्रथा आहे की कोणाचाही ऐंशीवा, पंच्याऐंशीवा किंवा नव्वदावा वाढदिवस आला की धर्मगुरूने घरी जाऊन आशीर्वाद द्यावा, आणि नव्वदीनंतर हा मान दरवर्षी मिळावा. इथली हवा चांगली, दूध चांगले आणि डॉक्टर त्याहून चांगले असल्याने लोक नव्वदी सहज ओलांडतात, ही एरवी देवाची मोठी कृपाच म्हणायची. धर्मग्रामाच्या कार्यालयातील सेक्रेटरीबाई दर सोमवारी त्या आठवड्याची यादी माझ्या टेबलावर ठेवतात, आणि यादीतल्या प्रत्येक नावापुढे वेळ दुपारी ३ ची किंवा त्यानंतरची असते, कारण ती कॉफीची वेळ आहे आणि जर्मनीत कॉफी एकटी येत नाही. त्याच अध्यायातल्या सातव्या वचनात प्रभूने ‘घरोघर फिरू नका’ असेही स्पष्ट बजावले आहे, हे मी एकदा बाईंच्या नजरेस आणून दिले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि गुरुवारच्या यादीत आणखी एक घर वाढवले.

टेबलावर केक कधीही एक नसतो. चेरीच्या दारूत भिजलेला, मलईचे थर असलेला ब्लॅक फॉरेस्ट आजीच्या बहिणीने केलेला असतो. चक्क्याशी नाते सांगणाऱ्या क्वार्कचा कॅझेकूखेन सुनेचा असतो. आणि मधोमध भोक असलेला गुगलहुप्फ शेजारणीने सकाळीच आणून दिलेला असतो. एकीचा खाऊन दुसरीचा तसाच ठेवणे म्हणजे गावात दोन तट पाडणे होय, आणि दीक्षेच्या वेळी मी ऐक्याची शपथ घेतलेली असल्याने तिन्हींना न्याय देतो. तरुण जर्मन माणसाला एकदा ‘नको’ म्हटले की तो ते शब्दशः खरे मानतो आणि ताटली उचलून नेतो, पण ऐंशीच्या पुढच्या बव्हेरियन आजीचा आग्रह आपल्याकडच्या पंगतीतल्या आग्रहाहून तसूभरही कमी नसतो. त्यात माझी मान नगर जिल्ह्यात वाढलेली. संकोचाने ती डावी-उजवीकडे हलली की आपल्याला त्यातला नकार कळतो, होकारही कळतो, आणि ‘बघू या’ तर फारच चांगला कळतो. आजीला त्यातला फक्त होकार कळतो.

अशा वेळी मी चर्चच्या कायद्याला शरण जातो. शुक्रवारी मांस वर्ज्य असते, पण केकमध्ये मांस नसल्याने तो मार्ग बंद आहे. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे खऱ्या उपवासाचे दोनच दिवस, आणि त्या दिवशी कोणाचा वाढदिवस आला तर तो रद्द न होता दुसऱ्या दिवशी दुप्पट उत्साहाने साजरा होतो. राहता राहिला मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वीचा उपवास. १९५३ पूर्वी तो आदल्या मध्यरात्रीपासून पाळावा लागे. बाराव्या पायस पोपमहाशयांनी तो आधी सैल केला, मग १९५७ मध्ये तीन तासांवर आणला आणि सहाव्या पॉल पोपमहाशयांनी १९६४ मध्ये एका तासावर. मी स्वभावाने सुधारणावादी आहे, पण दुसऱ्या ताटलीत तिसरा तुकडा पडताना जुन्या नियमाविषयी मनात जी ओढ दाटून येते ती कर्मठांनाही साधणार नाही. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेआधी मी घड्याळाकडे पाहून गंभीरपणे उपवासाची आठवण करून देतो. आजी जुन्या नियमात वाढलेली असल्याने तिला तो एकदम पटतो, ती आदराने ताटली बाजूला घेते, आणि नियम केव्हा संपतो हेही तिला ठाऊक असल्याने तिन्ही केक ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून माझ्या हाती देते. माझ्या फ्रीझरमध्ये त्या पुड्यांची चळत लागलेली आहे. मिस्सेत मला मदत करणारी वेदीसेवक मुले सरावाच्या दिवशी त्या रिकाम्या करतात, आणि वेदीसेवकांची भरती सध्या बरी आहे असे बिशपांच्या कार्यालयाला कळवताना मी कारणांच्या खोलात जात नाही.

इतका त्रास असेल तर जातोच कशाला, असे गावाकडून फोनवर विचारतात. रविवारी चर्चमध्ये पुढचे बाक रिकामे असतात आणि मागच्या बाकांवरच्या माणसांच्या चेहऱ्यावरून माझे प्रवचन पोचले की नाही याचा थांग लागत नाही. पण दिवाणखान्यात दुसरा तुकडा संपला की आजी भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे एकदा पाहते आणि बोलू लागते. मुलगा म्युनिकला असतो, चांगल्या पगारावर आहे, आणि त्याने सरकारी कचेरीत जाऊन चर्चचे सदस्यत्व सोडल्याचे रीतसर लिहून दिले आहे. इथे सदस्याच्या आयकरावर आणखी ८ टक्के चर्चचा कर बसतो, तेव्हा सोडणाऱ्यांत श्रद्धा गेलेले किती आणि पैसे वाचवणारे किती हे देवच जाणे. ‘हेर फारर (म्हणजे फादर), त्याचे वर काय होईल?’ असे ती विचारते. देवाची वही आणि कर खात्याची वही एक नाही, एवढेच मी सांगतो. पदवीच्या अभ्यासक्रमात याहून चांगले उत्तर मला कोणी शिकवलेले नाही. मग आम्ही मिळून रोझरीचे, म्हणजे जपमाळेचे, दहा मण्यांचे एक दशक म्हणतो, ती जर्मनमध्ये आणि मी अर्धे मराठीत, आणि आमेन म्हणताच तिचा हात पुन्हा केकच्या सुरीकडे जातो. तो तुकडा नाकारण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही.

या घरांमधून मला एक जुनी गोष्ट वारंवार ऐकायला मिळते. त्यांच्या लहानपणी चर्चमध्ये मिशनसाठी एक दानपेटी असे आणि तिच्यावर दूरदेशीच्या सावळ्या मुलाची छोटी मूर्ती बसवलेली असे. नाणे टाकले की मूर्ती आभारादाखल मान हलवी. ती मान हलताना पाहण्यासाठी खाऊचे पैसे टाकल्याचे आजी हसत, किंचित शरमून सांगतात. त्यांच्या सोफ्यावर बसलेला सावळा मनुष्य प्रत्येक तुकड्याला मान हलवत असल्याने हा विषय मी वाढवत नाही. शिवाय जुना हिशेबही आहेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन जेझुइट धर्मगुरू आमच्या नगर जिल्ह्यातील खेड्यांत आले, आणि आमच्या घरात सांगतात की पणजीने त्यांतल्या एकाला भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला होता. फादरांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण त्यांनी भाकरी संपवली, आणि लोकांनी ते अश्रू भक्तीचे मानले. पणजीने त्यांना आणखी ठेचा वाढला.

गेल्या तपासणीत माझी साखर वाढलेली निघाली. डॉक्टर गावातलेच, अतिशय शिस्तीचे. त्यांनी आकडा लाल शाईने अधोरेखित केला, केक पूर्ण बंद करण्यास सांगितले आणि धर्मगुरूनेही कधीतरी नाही म्हणायला शिकले पाहिजे, असे बजावले. त्या आठवड्याच्या यादीत त्यांच्या आईचा पंच्याऐंशीवा वाढदिवस होता. दार डॉक्टरांनीच उघडले. टेबलावर चार केक होते, आई माझ्याकडे आणि डॉक्टर आईकडे पाहत होते. पहिला तुकडा आईने वाढला, दुसरा डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने माझ्या ताटलीत ठेवला, आणि निघताना दारापाशी हळूच सांगितले की रक्ताची पुढची तपासणी दोन आठवडे पुढे ढकलली तरी चालेल.