कुमसारात काय बोलायचं, विगाराच्या ऑफिसात काय नाही

गोव्यातल्या कॅथलिक घरात वाढलेल्या गे मुलाला सल्ले मिळतात ते दोन प्रकारचे. एक, तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हण, प्रार्थना कर, जाईल हे. दुसरा, चर्चला रामराम ठोक, मोकळा होशील. देणाऱ्यांपैकी मूळ कागद बहुतेकांनी उघडलेलाच नसतो. राहायचं की निघायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, दोन्हीत कमीपणा नाही. पण चर्च नेमकं काय म्हणतं आणि आपल्या वाड्यावरचे लोक चर्चच्या नावावर काय खपवतात, एवढं आधी वेगळं करून घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

कागद म्हणजे १९९२ ची 'कॅटेकिझम', चर्चच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक, परिच्छेद २३५७ ते २३५९. तीनच परिच्छेद, पाच मिनिटांत वाचून होतात. पहिला समलिंगी शरीरसंबंध कुठल्याही परिस्थितीत मान्य नाहीत म्हणतो. दुसरा म्हणतो, या माणसांशी आदराने, करुणेने वागा, अन्यायाचा भेदभाव नको. तिसरा त्यांच्याकडून ब्रह्मचर्य मागतो. १९९७ च्या सुधारित आवृत्तीत तर ओढीलाही दोष चिकटवला. हे मला पटत नाही, बदलायला हवं. तरीही त्या कागदात एक भेद स्वच्छ आहे: पाप कृतीला म्हटलंय, ओढ असण्याला नाही. दोतोर्नाच्या (मुलांच्या धर्मशिक्षणाच्या) वर्गात नेमका हाच भेद गळतो. मग तेरा-चौदा वर्षांचं पोर काहीही न करता स्वतःला नरकात बसवून ठेवतं आणि दर शनिवारी त्याच 'पापाचा' कुमसार (पाद्रीपुढे पापाची कबुली) करत राहतं. जे पाप नाही त्याची क्षमा मागत राहिलं की क्षमा मिळाल्यासारखी कधी वाटतच नाही, भीती तेवढी वाढते.

आता कुमसाराचंच. कॅनन (चर्चच्या कायद्याचं कलम) ९८३ प्रमाणे कुमसारात ऐकलेलं पाद्रीला कुणालाही सांगता येत नाही, आईबापाला नाही, बिशपला नाही. ९८४ प्रमाणे ती माहिती तुमच्या विरोधात वापरायचीही त्याला मनाई आहे. ९९१ प्रमाणे पाद्री तुम्ही निवडायचा. पण हे संरक्षण कुमसारापुरतंच. विगाराच्या (चर्चच्या मुख्य पाद्रीच्या) ऑफिसात खुर्चीवर बसून, चहा घेत जे बोललात ते या नियमात बसत नाही. गडबड होते ती इथेच: मुलगा विश्वासाने बोलतो, फादर चांगल्या हेतूने आईला बोलावून घेतात, आणि पुढच्या रविवारपर्यंत क्वायरमधल्या बायकांना कळलेलं असतं. म्हणून पहिल्यांदा बोलायचं तर दुसऱ्या तालुक्यातलं चर्च गाठा. बार्देशवाल्याने सासष्टीत जावं, सासष्टीवाल्याने बार्देशात. जाळीआडून बोला, नाव सांगायची गरज नाही.

तिथे काय ऐकावं लागेल तेही सांगून ठेवतो. नुसतं 'मी गे आहे' म्हटल्यावर कुणी क्षमा नाकारली तर तो चर्चच्याच शिकवणीबाहेर गेला, उठा आणि दुसरा पाद्री बघा. पण जोडीदार असेल, शरीरसंबंध असतील, तर तो 'हे सोडायची तयारी आहे का' विचारणार. त्यावर गोड उत्तर नाही. काही जण तिथेच थांबतात, काही कॅटेकिझममधला सदसद्विवेकबुद्धीचा परिच्छेद १७८२ धरून मिस्सेला (चर्चच्या उपासनेला) जात राहतात. तो परिच्छेद म्हणतो, माणसाला त्याच्या विवेकाविरुद्ध वागायला भाग पाडू नये. त्याच्या आधीचे परिच्छेदही वाचा, नाहीतर ती पळवाट होते.

१८ डिसेंबर २०२३ ला रोमने आशीर्वादाबद्दल जाहीरनामा काढला तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर 'पोपने गे लग्नाला परवानगी दिली' असं फिरलं. तसं काही नाही. पाद्री समलिंगी जोडप्याला साधा, उत्स्फूर्त आशीर्वाद देऊ शकतो. विधी नाही, लग्नाचे कपडे नाहीत. ४ जानेवारीच्या खुलाशात तर तो आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असं चित्र रंगवलं. पंधरा सेकंद! पण ज्याला आयुष्यभर दाराबाहेर उभं असल्यासारखं वाटलं, त्याला तेही थोडं नसतं.

खरा धोका 'उपचारां'चा. काही प्रार्थना गटांत, मग ते बिलिव्हर्सचे (कॅथलिक चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथांचे) असोत की कॅथलिक, समलैंगिकता म्हणजे भूत समजून ते काढायचा कार्यक्रम होतो. कॅथलिक असाल तर कॅनन ११७२ लक्षात ठेवा: भूत काढण्याचा विधी बिशपच्या खास, स्पष्ट परवानगीशिवाय कुणालाही करता येत नाही, आणि परवानगी पाद्रीलाच मिळते. गटातल्या अंकलला नाही. डॉक्टर 'बदलून देतो' म्हणाला तर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने कन्व्हर्जन थेरपीला (ओढ 'बदलण्याच्या' उपचाराला) व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. झोप उडालीय, जीव नकोसा झालाय, त्यासाठीच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट. त्या घ्याव्यात, परस्पर बंद करू नयेत. बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे, आणि रात्री-अपरात्री १४४१६ ही टेलिमानसची, सरकारी मानसिक आरोग्याची, लाइन.

उपचार फसला की घरचे लग्नावर येतात. 'एकदा संसाराला लागला की ठीक होईल.' यात पोराइतकंच, किंबहुना जास्त, त्या मुलीचं नुकसान होतं, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. घरच्यांना नीतीचं व्याख्यान ऐकवण्यापेक्षा व्यवहार सांगा, तो कानात शिरतो. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारपुढे सही करण्याआधी करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक होते, नंतर ती पद्धत बदलता येत नाही. शिवाय महत्त्वाची गोष्ट लपवून फसवलं म्हणून (कॅनन १०९८) किंवा लग्नाची जबाबदारी पेलायची मानसिक क्षमताच नव्हती म्हणून (१०९५) चर्चचं न्यायालय असं लग्न मुळातच झालं नाही असं ठरवू शकतं. ज्याला उपाय म्हणतात त्याची ही गत. लग्न टाळायला सेमिनारीत (पाद्री व्हायच्या शाळेत) जायचा रस्ताही नको: समलिंगी ओढ खोलवर असलेल्यांना प्रवेश देऊ नये असा रोमचा २००५ चा आदेश आहे.

घरी सांगायचं तर फेस्त (चर्चचा सण), नाताळ, कुणाचं रोस (लग्नाआधीचा हळदीसारखा विधी) हे दिवस टाळा. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, आई बिचारी रडायलाही मोकळी नसते. बाप बोटीवर नोकरीला असेल तर तो येऊन स्थिरावू दे, फोनवर नको. आधी जन्मदाखला, आधार, पासपोर्ट, पोर्तुगीज नागरिकत्वाचे कागद असतील तर तेही आपल्या ताब्यात असावेत, आणि पंधरा दिवस राहता येईल असं एक घर हाताशी. 'घरातून एक पैसा मिळणार नाही' ही धमकी ठरलेली. २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यात आईबापांना आपल्या वाट्यातल्या निम्म्याच मालमत्तेची मर्जीने विल्हेवाट लावता येते. उरलेलं निम्मं मुलांचं, आणि ते तोडायची कारणं कायद्यात ठरलेली आहेत. गे असणं त्यात नाही. पण हा हक्क त्यांच्या पश्चात. आज रात्री पिशवी दाराबाहेर ठेवली तर त्याचा उपयोग शून्य, म्हणून ते पंधरा दिवसांचं घर.

जोडीदार असेल तर कायद्याने तुम्ही एकमेकांचे कुणी नाही. सुप्रीम कोर्टाच्या निकालांनी सप्टेंबर २०१८ मध्ये समलिंगी संबंध हा गुन्हा राहिला नाही, ऑक्टोबर २०२३ मध्ये लग्नाचा हक्क मिळाला नाही. पोर्तुगालमध्ये २०१० पासून असं लग्न होतं, पण पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे जाऊन केलेलं लग्न इथे नोंदवता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केलंय की जोडीदाराबरोबर संयुक्त बँक खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही. बँकेतला क्लार्क नाही म्हणाला तर ते पत्रक छापून पुढे ठेवा. मृत्युपत्र घरी कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या की झालं, हे महाराष्ट्रात. गोव्यात ते सरकारी नोटरीपुढेच करावं लागतं. आईवडील हयात असतील तर जोडीदाराला निम्म्यापर्यंतच देता येतं, त्यामुळे फ्लॅट घेताना सुरुवातीलाच दोघांची नावं घाला.