वटवट्या आलाय, झाडोरा आत्ता कापू नका

यंदा धोबी 5 सप्टेंबरला आला. सकाळी साडेसहाला गच्चीत कपडे वाळत घालायला गेले तर टाकीच्या कडेकडेने तो चालत होता, पाठ करडी, पोट पिवळं आणि शेपटी सारखी खालीवर खालीवर, एक क्षण थांबायला तयार नाही. हातातली चादर तशीच पिळासकट धरून मी उभी राहिले, चांगली दहा मिनिटं. मग 'चिझिक्' असं टोकदार ओरडून समोरच्या बिल्डिंगवर गेला, तेही सरळ नाही, लाटेवर बसल्यासारखा वर जात खाली येत. करडा धोबी, ग्रे वॅगटेल. कुणी परीटही म्हणतं. कायम पाण्याच्या काठाला आणि शेपटी अशी की घाटावर धुणं आपटतोय, म्हणून धोबी. वर हिमालयातल्या आणि त्याच्याही पलीकडच्या ओढ्यांवर उन्हाळा काढून हा आमच्या पुण्यातल्या कोथरूडच्या गच्चीत उतरतो आणि पितृपक्षात सगळी गच्ची कावळ्याची वाट बघत असते तेव्हा मी याच्या वाटेवर डोळे लावून असते. तो दिसला की माझ्यासाठी ऋतू बदलला, मग परतीचा पाऊस पुढे महिनाभर का पडेना.

पण आज लिहायचंय ते त्याच्या मागून येणाऱ्या वटवट्यासारख्या छोट्या पक्ष्यांबद्दल, आणि ते जरा कळकळीने लिहायचंय.

स्थलांतर म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यासमोर भिगवणचे फ्लेमिंगो येतात, पट्टकादंब येतात, चक्रवाक येतात. छानच आहे ते, मीही दरवर्षी जाते, होडीत बसते, डोळे भरून बघून येते. पण माझा जीव अडकलाय तो छोट्यांमध्ये. वटवटे, माशीमार, तीरचिमण्या, गप्पीदास, थिरथिरा. बर्डिंगवाल्यांच्या भाषेत यातल्या बऱ्याच जणांना एलबीजे म्हणतात, म्हणजे कुठलातरी छोटा तपकिरी पक्षी, मोठ्या लेन्सवाले ज्यांच्याकडे वळूनही बघत नाहीत ते. हे बहुतेक सगळे रात्री उडतात. दिवसा झुडपात घुसून किडे खायचे, अंगावर चरबी चढवायची, अंधार पडला की निघायचं, ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा धरायची. आणि यातल्या कितीतरी जातींमध्ये मोठे पक्षी आधी निघून जातात, त्याच उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं मागून एकेकटी निघतात, रस्ता कधी पाहिलेला नाही, सोबतीला आई नाही बाप नाही आणि तरी बरोबर इथे येऊन पोचतात. हे मी पहिल्यांदा वाचलं त्याला खूप वर्षं झाली पण अजूनही सप्टेंबरात रात्री दिवे घालवून गच्चीत उभी राहिले ना की अंगावर काटा येतो, की आत्ता या क्षणी आपल्या डोक्यावरून कोणीतरी चाललंय.

हिरवट वटवट्या घ्या, ग्रीनिश वॉर्बलर. वजन साडेसात-आठ ग्रॅम. दहा रुपयाचं नाणं तळहातावर ठेवून बघा, साधारण तेवढंच. तो हिमालयातून, मध्य आशियातून येतो आणि आला की एखादं झाड धरतो, वेताळ टेकडीवरचं असेल नाहीतर तुमच्या गल्लीतला रेन ट्री असेल, आणि 'चिस्विट् चिस्विट्' करत हिवाळाभर तेवढा इलाका राखून बसतो, दुसऱ्या हिरवट वटवट्याला तिथे फिरकू देत नाही. पार एप्रिलपर्यंत. सात महिने जो माझ्या खिडकीबाहेरच्या झाडावर राहतो त्याला पाहुणा म्हणायचं माझ्या जिवावर येतं, इथलाच आहे तो, अंडी घालायला तेवढा माहेरी जातो.

आणि त्याच्याहून माझा लाडका म्हणजे ब्लिथ रीड वॉर्बलर, ग्रुपवर आम्ही नुसतं बीआरडब्ल्यू म्हणतो. दिसायला काही म्हणजे काही नाही. मातकट पाठ, मळकट पांढरं पोट, डोळ्यावर एक फिकट रेघ. दिसतो तरी कुठे, तो ऐकू येतो. घाणेरीच्या दाटीत आतून 'चक्... चक्...' असा कोरडा आवाज, कुणीतरी जिभेने टाळूवर वाजवल्यासारखा. वीस मिनिटं ऐकत उभं राहावं तेव्हा कुठे एखादी फांदी हलते, अर्धा सेकंद चोच दिसते आणि परत आत. हा पार फिनलंडपासून रशिया, कझाकस्तानपर्यंतच्या पट्ट्यात अंडी घालतो आणि हिवाळ्याला जगातले जवळजवळ सगळे बीआरडब्ल्यू भारतीय उपखंडात आणि म्यानमारच्या बाजूला येतात. युरोपातले बहुतेक स्थलांतरी वटवटे आफ्रिकेत जातात, हा इकडे वळतो. स्कॉटलंडच्या वर शेटलंड बेटं आहेत, तिथे ऑक्टोबरात एखादा वाट चुकलेला बीआरडब्ल्यू सापडला तर पक्षीवेडे लोक बघायला धावत सुटतात. आपल्याकडे तो सोसायटीच्या भिंतीमागे नाल्याच्या काठाला सहज असतो. म्हणजे बाकीच्या जगाने या पक्ष्याचा अख्खा हिवाळा आपल्या काटेरी झुडपांच्या भरवशावर सोडलाय, आणि झुडपांचं आपण काय करतो?

आमच्या सोसायटीच्या मागे असाच ओढ्याकाठचा तुकडा आहे. घाणेरी, सुबाभूळ, दोन बोरी, एक वेडीवाकडी बाभूळ, पावसाळ्यानंतर कमरेएवढं गवत आणि टाकळा. कोणाच्या नजरेत भरावं असं काही नाही. तिथे मी सलग चार वर्षं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो 'चक्' ऐकला, त्याच घाणेरीतून, भिंतीपासून आठ-दहा पावलांवर. तोच पक्षी होता की दुसरा, त्याच्या पायात ओळखीचं कडं नाही त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही, पण माझं मन म्हणतं तोच.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर मीटिंगमध्ये विषय निघाला की मागे केवढं रान माजलंय, साप निघेल, डास झालेत, दसऱ्याच्या आत साफ करून घ्या. मी उठून बोलले, जमलं तसं सांगितलं, लोक ऐकून घेत होते पण ठराव झालाच. मग दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सकाळी मशीनचा आवाज आला. मी चप्पल घालून धावत खाली गेले तोवर अर्धं साफ झालं होतं. माळीमामा कोयत्याने बोरीची बुंधं तोडत होते. म्हटलं, "मामा, अहो थांबा जरा, यात पक्षी आहेत." ते खरंच थांबले, घाम पुसला आणि म्हणाले, "ताई, घरटी बघितली मी सगळी, एक पण नाही. असतं तर हात लावला नसता." मला पुढे काय बोलावं सुचेना, कारण ते बरोबरच बोलत होते. घरटं नव्हतंच. हे पक्षी इथे घरटं करतच नाहीत, यांना हवा असतो तो आडोसा आणि किडे. आपल्याला पक्ष्याचं घर म्हणजे घरटं एवढंच शिकवलंय, त्याला तो माणूस काय करणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपाशी गेले. जमीन खरवडल्यासारखी उघडी. कापलेल्या फांद्यांचा एक ढीग तेवढा कोपऱ्यात पडला होता, पानं सुकून करकरीत झालेली. आणि त्या ढिगातून आवाज आला. चक्. मग थोड्या वेळाने परत, चक्. मी खाली बसले. सुकलेल्या घाणेरीच्या फांदीवर तो बाहेर आला, पहिल्यांदाच इतका उघड्यावर, एरवी मला त्याचं अख्खं अंग कधी बघायला मिळालं नव्हतं. गळ्याची पिसं विस्कटलेली होती. या फांदीवरून त्या फांदीवर, पानाच्या खाली चोच घालून बघायचा, काही नाही, पुढचं पान, काही नाही. मेलेल्या पानांवर अळी कुठून असणार. पाऊण तास तरी तो त्या एवढ्याशा ढिगात फिरत राहिला. संध्याकाळी ऑफिसातून आले तर टेम्पो येऊन ढीग घेऊन गेला होता. नंतर मार्चपर्यंत मी रोज कान लावला, तो आवाज आला नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाडोरा कापू नका. नेमक्या याच वेळेला आपल्याला साफसफाई सुचते, पाऊस थांबलेला असतो, दसरा दिवाळी तोंडावर असते, गवत मातलेलं दिसतं. पण गवत मातलेलं असतं म्हणून तर त्यात नाकतोडे, अळ्या, कोळी भरलेले असतात, आणि ते असतात म्हणून तर पक्षी येतात. रात्रभर उडून पहाटे जो उतरतो त्याला दिवस उजाडल्याबरोबर खायला लागतं. कच्छमध्ये ऑगस्टअखेर ते सप्टेंबर पक्षीमित्र मुद्दाम जातात कारण ठिपकेवाला माशीमार, युरोपियन रोलर, लाल पाठीचा खाटीक असे आफ्रिकेला निघालेले पक्षी तिथल्या झुडपांत थोडे दिवस थांबून पोट भरतात आणि पुढे समुद्रावरून निघून जातात. ती झुडपं नसली तर पुढचा प्रवास कशाच्या जोरावर करणार?

कापायचंच असेल तर एप्रिलच्या शेवटी कापा, तोवर हे परत गेलेले असतात. तेही सगळं एकदम नको, एक पट्टा यंदा एक पुढच्या वर्षी, आणि आपले बुलबुल-शिंपी तेव्हा घरटी करत असतात त्यामुळे मामांसारखं आधी आत बघून. सापाचं म्हणाल तर साप उंदरामागे येतो आणि उंदीर कचऱ्यामागे, तेव्हा तो प्लास्टिकचा आणि उष्ट्याचा ढीग आधी उचला, त्याला माझा पूर्ण पाठिंबा, मी स्वतः येते उचलायला. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, कुंडीखालच्या थाळीत, गच्चीतल्या टायरमध्ये, टाकळ्यात नाही.

घाणेरी बाहेरची आहे, माजते, हे मला मान्य आहे. जंगलातून ती काढायला हवीच. पण शहरात तीच शेवटची दाटी उरलेली असेल तर आधी शेजारी करवंद, बोर, हेंकळ असं काहीतरी लावा, ते अंग धरू दे, मग घाणेरी काढा. उलट्या क्रमाने केलं की मधली चार-पाच वर्षं पक्ष्याला काहीच नाही.

टेकड्यांवरही तेच चाललंय. चांगल्या मनाची माणसं दर पावसाळ्यात खड्डे खणून गवताळ उतारावर रोपं लावतात, की टेकडी बोडकी आहे, हिरवी करू. ती बोडकी नसते हो. त्या गवतात तीरचिमण्या उतरतात, खुरट्या बाभळींत बूटेड आणि साइक्सचा वटवट्या असतात (दोघांत फरक करताना अजूनही माझी दमछाक होते). ज्याचं नाव त्या वटवट्याला आहे तो कर्नल साइक्स इथेच दख्खनमध्ये नोकरीला होता, 1832 साली त्याने दख्खनमधल्या पक्ष्यांची यादी छापली. तेव्हापासूनची ही माळरानं आहेत, त्याच्याही कितीतरी आधीपासूनची. तिथे दाट झाडी झाली की जो पक्षी गवतासाठी आला तो गेलाच.

ज्यांना बघायचंय त्यांनी फार काही करू नका. सकाळी सहा-साडेसहाला वेताळ टेकडीवर खाणीकडे जाणाऱ्या वाटेला एका बाभळीजवळ अर्धा तास गप्प उभे राहा. चालत राहिलात तर काही दिसणार नाही. आधी कानाने शोधा. बाभळीच्या खोडावरून खारीसारखा सरसर चढणारा, पोटाला गंधकासारखा पिवळा दिसला तर तो सल्फर बेलीड वॉर्बलर, खडकांवरही असाच फिरतो. शेपटी वर करून 'टर्रर्र' असा आवाज करणारा आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरं दिसणारा तो लाल छातीचा माशीमार. आणि कृपा करून मोबाइलवर त्याच्याच जातीचा आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावू नका. हजारो किलोमीटर उडून आलेला जीव आपल्या हद्दीत परका शिरला असं समजून धावत बाहेर येतो, जी ताकद खाण्यात घालवायची ती तुमच्या एका फोटोपायी जाते. मागच्या ऑक्टोबरात एका ग्रुपने एकाच माशीमारासमोर वीस मिनिटं आवाज वाजवलेला मी बघितलाय, मी जाऊन बंद करायला सांगितलं, वाईटपणा घेतला, परत घेईन.

आज 24 सप्टेंबर. सकाळी टेकडीवर हिरवट वटवटे तीन ऐकले, एक दिसला. सोसायटीमागच्या तुकड्यात या पावसाळ्यात घाणेरीने परत खांद्याएवढी उंची घेतलीय, बोरीला बुंध्यापासून फुटवा आलाय. या वर्षीच्या मीटिंगमध्ये ओढ्याकडची सहा मीटरची पट्टी एप्रिलपर्यंत सोडायची असं लिहून घेतलंय, आणि तो कागद माळीमामांनी स्वतः खोलीच्या दाराला चिकटवलाय. रोज सकाळी भिंतीपाशी जाऊन येते. अजून आवाज नाही.

कोथरूड, बावधन, पाषाण, वारजे या बाजूला कुणाला झुडपातून 'चक्' ऐकू आला असेल तर खाली तारीख आणि झुडूप कुठलं ते लिहा.