आम्ही 'इतर'

'आपले सत्र समाप्त झाले आहे.' काल रात्री अकरा चाळीसला. मुदत बारापर्यंत. तीन तासांचं टाइपिंग स्वाहा!

सरकारने एका व्यापार करारावर जनतेची ऑनलाइन मतं मागवली होती. मत कशावर द्यायचं? मसुदा गोपनीय. प्रकरणं कोणती आहेत, तेही गोपनीय. दिलं काय, तर दीड पानाचं टिपण, आणि त्यात 'परस्परहित' सहा वेळा. (चिडलो की मी मोजत बसतो.) म्हणजे पाकीट फोडायचं नाही, पण पत्राचं उत्तर मात्र वेळेत पोचलं पाहिजे.

पहिला रकाना: आपण कोण? निर्यातदार, आयातदार, उद्योग संघटना, सल्लागार संस्था, इतर. औषध विकत घेणारा इतर, बियाणं पेरणारा इतर, कारखान्यात राबणारा इतर. जगातली बहुतेक माणसं शेवटच्या एका ठिपक्यात कोंबली की झालं. पुढचा रकाना: आपल्या उत्पादनाचा एचएस कोड, म्हणजे आयात-निर्यातीत प्रत्येक मालाला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक. अनिवार्य, लाल चांदणीसकट. अरे, मी काही बनवत नाही, मला पेटंटच्या मुदतीबद्दल बोलायचंय! रिकामा सोडला तर पुढे सरकू देईना. शेवटी 0101 ठोकून दिला. जिवंत घोडे, गाढवं, खेचरं. त्यातलं मधलं मला लागू आहेच.

मग बारा प्रश्न, प्रत्येकी कमाल 500 अक्षरं. रिकामी जागाही मोजणार. आणि 'क्ष' हे यंत्र तीन अक्षरं धरतं! मी 'संरक्षण' खोडून 'बचाव' केलं, 'साक्षीदार' वाक्यासकट उडवला. तीन तास गेले ते या कापाकापीत. आणि मग सत्र समाप्त.

वीस मिनिटांत आठवेल तसं पुन्हा लिहिलं, 11:58ला पाठवलं. लगेच मेल: 'आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभार. कृपया या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.' आणि सकाळी साडेनऊला निवेदन: 'सर्व भागधारकांशी व्यापक सल्लामसलत पूर्ण.' साडेनऊ तासांत, त्यातही रात्रीच्या! कोणी वाचलं? झोपेत?

आणि भागधारक काय, भागधारक? भागधारक म्हणजे ज्याच्याकडे शेअर असतात तो. स्टेकहोल्डर, म्हणजे ज्याचं हित गुंतलंय तो, याचं हे भाषांतर कोणी केलं तो माणूस मला एकदा भेटू दे. तसं बघितलं तर खरंच बोललाय म्हणा. ज्यांच्याकडे शेअर आहेत त्यांच्याशीच सल्लामसलत होते.

हे आजचं नाही. टीपीपी, म्हणजे पॅसिफिकभोवतीच्या बारा देशांचा व्यापार करार. त्याच्या मसुद्यांवर शिक्का असायचा: करार लागू झाल्यावर चार वर्षांनी खुला करावा, लागू झालाच नाही, तर वाटाघाटी संपल्यावर चार वर्षांनी. म्हणजे मेलेल्या कराराचाही पडदा चार वर्षं उचलायचा नाही! 2013 मध्ये विकिलीक्सने बौद्धिक संपदेचं प्रकरण फोडलं तेव्हा लोकांना कळलं आत काय शिजतंय. टीटीआयपीच्या, म्हणजे अमेरिका आणि युरोपियन युनियनमधल्या व्यापार कराराच्या वेळी, 2016 मध्ये, जर्मन खासदारांना मंत्रालयातल्या एका खोलीत दोन तास बसून वाचायची परवानगी मिळाली. फोन बाहेर. निवडून दिलेली माणसं, परीक्षेला बसवल्यासारखी! अॅक्टा, म्हणजे बनावट माल आणि कॉपीराइटच्या चोरीविरुद्धचा करार, तसाच लपवत लपवत आणला. युरोपियन संसदेने 2012 मध्ये 478 विरुद्ध 39 मतांनी फेकून दिला, तेव्हा मी घरात एकटाच टाळ्या वाजवल्या होत्या.

वर ठरलेलं उत्तर: 'पत्ते उघडे टाकून डाव खेळता येत नाही.' अहो, समोरच्या पक्षाला तुमचा प्रस्ताव तुम्हीच देता ना? त्याने वाचलाय. त्याच्या सल्लागारांनी वाचलाय. मग पत्ते लपवताय कोणापासून? 2015 पासून युरोपियन कमिशनने टीटीआयपीतले स्वतःचे बरेच प्रस्ताव वेबसाइटवर टाकले. आभाळ पडलं का?

त्याच कमिशनने 2014 मध्ये गुंतवणूकदारांनी सरकारांवर दावे लावायच्या तरतुदीवर मतं मागवली, तर जवळपास दीड लाख उत्तरं आली. अहवालात आवर्जून नोंद: 97 टक्के उत्तरं संघटनांच्या मंचांवरून आलेली, साच्यातली. असतील साच्यातली. निदान तिथे कमिशनने समोर तरतुदीचा नमुना तरी ठेवला होता. इथे मला घोडे निवडावे लागले.

आता खरं सांगायचं तर, टीपीपीचा मजकूर नोव्हेंबर 2015 मध्ये अखेर जाहीर झाला तेव्हा मी पहिल्याच दिवशी सगळा उतरवून घेतला होता. पारदर्शकतेचा विजय वगैरे. तीस प्रकरणं, वर परिशिष्टांची हजारो पानं. व्याख्या वाचल्या, तिसऱ्या प्रकरणापर्यंत गेलो, माल मुळात कुठल्या देशाचा हे ठरवणारे नियम सुरू झाले आणि मी गाढ झोपलो. फोल्डर अजून आहे. नाव 'तातडीचे'.

पण न वाचण्याचा हक्क माझा, तो परस्पर बजावणारे हे कोण?

असो. पुढच्या फेरीची सूचना दुपारी आली. मुदत सात दिवस. यावेळी आधी नोटपॅडमध्ये लिहून मग चिकटवायचं, असं ठरवलंय. मागच्या वेळीही ठरवलं होतं.