अकरा हात वर, एक खाली

2024च्या सप्टेंबरात बदलापूर प्रकरणातला, म्हणजे शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा इथे न्यू जर्सीत सकाळ होती. मी ऑफिसला निघाले होते आणि फोन थांबायला तयार नव्हता. आमच्या घरच्या ग्रुपवर आतेभावाने लिहिलं होतं, "बरं झालं. कोर्टात गेला असता तर वीस वर्षं पोसावा लागला असता." त्याखाली एकामागून एक अंगठे. काका, मावशी, भाचे, वर्षभरात कधी तोंड न उघडणारे चुलतमामासुद्धा. मी लिहिलं, "पण खटला तर व्हायला हवा होता ना?" उत्तर लगेच आलं, "तुला तिकडे बसून बोलायला काय जातं!"

रात्री आईचा डोंबिवलीहून फोन. ती चिडली नव्हती. एवढंच म्हणाली, "अगं, एवढ्याशा मुली त्या. त्यांच्या आईच्या जागी उभी राहून बघ जरा." मी गप्प बसले. आईच्या या वाक्याला पुरेसं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि असल्याचा आव मी इथे आणणार नाही. पण त्या शनिवारी मी 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' पुन्हा लावला. कितव्यांदा ते मोजलेलं नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1957चा कृष्णधवल चित्रपट, सिडनी ल्युमेटचा पहिलाच. लेखक रेजिनाल्ड रोझ स्वतः न्यूयॉर्कमध्ये ज्यूरीवर, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळावर बसला होता. त्या अनुभवावर त्याने 1954 साली टीव्हीसाठी नाटक लिहिलं आणि त्याचाच पुढे हा चित्रपट झाला. झोपडवस्तीतल्या एका अठरा वर्षांच्या पोरावर बापाच्या खुनाचा आरोप आहे. खटला संपलाय, बारा ज्यूरर निकाल ठरवायला एका खोलीत कोंडलेत. बाहेर मरणाचा उकाडा, पंखा बंद. दोषी म्हटलं की मुलगा थेट विजेच्या खुर्चीत. पहिलं मतदान होतं आणि अकरा जण दोषी म्हणतात. हेन्री फोंडाने केलेला आठव्या क्रमांकाचा ज्यूरर तेवढा म्हणतो, माझं ठरलेलं नाही, आपण जरा बोलूया.

त्या पहिल्या मतदानाचे हात नीट बघा. पाचसहा हात झटकन वर जातात. बाकीचे आधी इकडेतिकडे बघतात, शेजाऱ्याचा अंदाज घेतात आणि मग सावकाश वर होतात. जेमतेम काही सेकंदांचा प्रसंग, पण दर वेळी मी तिथे अडते. त्या शनिवारी तर ते हात बघताना मला आमच्या ग्रुपवरचे अंगठेच दिसत होते. झटकन आलेले कोणाचे आणि बाकीचे बघून मग आलेले कोणाचे, हे मी नावानिशी सांगू शकले असते.

या चित्रपटाची थोरवी सांगताना सगळे फोंडाबद्दल बोलतात. एकटा माणूस, सत्यासाठी उभा राहिलेला, वगैरे. मला हे अर्धंच पटतं. फोंडाच्या जागी कोणीही असता तरी चाललं असतं. चित्रपट खरा उभा आहे तो एका नियमावर, की बाराच्या बारा जणांचं एकमत व्हायला हवं. तो नियम नसता तर अकरा विरुद्ध एक म्हणून पाचव्या मिनिटाला निकाल लागला असता आणि सगळे घरी गेले असते. सातव्या क्रमांकाच्या ज्यूररच्या खिशात बेसबॉलच्या मॅचची तिकिटं आहेत, तो वेळेवर पोचला असता. नियम त्यांना उठू देत नाही, म्हणून त्यांना त्या एकाचं ऐकावं लागतं. आपल्याकडे पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथे अकरा मुखं एक बोलत असताना बाराव्याने मान डोलवेपर्यंत निकालच लागत नाही.

मराठी माणसाला हा नियम नसण्याची किंमत खरं तर माहीत असायला हवी. 1897 साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला तेव्हा ज्यूरीत सहा युरोपीय होते आणि तीन भारतीय. निकाल सहा विरुद्ध तीन, दोषी. दीड वर्षाची शिक्षा. 1908 साली पुन्हा खटला, न्यायमूर्ती दावर, ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन, सहा वर्षं मंडाले. ज्यूरीने काहीही म्हटलं तरी आपण निर्दोष आहोत, हे टिळकांचे त्या वेळचे उद्गार मुंबई उच्च न्यायालयात त्याच दालनाबाहेर संगमरवरावर कोरलेले आहेत. 1956 साली मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते त्या शिलालेखाचं अनावरण झालं. उद्गार आपण शाळेपासून ऐकतो. त्या तिघांची आणि दोघांची आठवण मात्र कोणी काढत नाही. त्यांचं म्हणणं मोजलं गेलं आणि बाजूला ठेवलं गेलं. उरलेल्यांना त्यांच्याशी वाद घालण्याची गरजच नव्हती.

इथे अमेरिकेत येऊन वाचायला लागले तेव्हा कळलं की हे फक्त गोऱ्या साहेबाने हिंदुस्थानात केलं असं नाही. 1898 साली, म्हणजे टिळकांच्या पहिल्या खटल्यानंतर वर्षभराने, लुईझियाना राज्याने आपल्या घटनेत एकमताची अट काढून टाकली. कृष्णवर्णीयांना ज्यूरीवर बसू द्यावं लागत होतं, तर निदान त्यांच्या एकदोन मतांनी काही अडता कामा नये, हा हेतू त्यांनी फारसा लपवलाही नव्हता. ऑरेगनमध्येही दहा विरुद्ध दोन मतं पुरत. गंभीर गुन्ह्यांत सगळ्या राज्यांत एकमत हवंच, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं ते 2020 साली. फोंडाच्या त्या खोलीनंतर त्रेसष्ट वर्षांनी.

एकटा असतो तो नेहमी दयेच्याच बाजूने असतो असंही नाही. 1959चा नानावटी खटला आठवा. बायकोच्या प्रियकरावर गोळ्या झाडणारा देखणा नौदल अधिकारी, 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने त्याला केलेलं हिरो, कोर्टाबाहेर गर्दी. ज्यूरीचा निकाल आठ विरुद्ध एक, निर्दोष. तो एकटा दोषी म्हणत होता. सत्र न्यायाधीशांना निकाल पटला नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, जन्मठेप झाली आणि 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. म्हणजे गर्दीने वाहून न गेलेला तो एकच होता. पुढे 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागा उरली नाही. भारतात ज्यूरी परत आणा असं मी म्हणणार नाही. आजचे चॅनेल, आजचे मोबाइल आणि आपल्या जातीपाती घेऊन बारा जण त्या खोलीत बसले तर काय होईल, याचा विचार करूनच धडकी भरते.

आता माझा अनुभव. नागरिकत्व घेतल्यावर काही वर्षांनी मला ज्यूरीचं बोलावणं आलं. न्यू ब्रन्सविकचं कोर्ट, पहिले तीन दिवस रोजचे पाच डॉलर. पार्किंगमधली मारामारी, एकाचं डोकं फुटलेलं, आरोपी विशीतला. सरकारी बाजूची मुख्य साक्षीदार म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बघणारी एक बाई. आम्ही चौदा जण खुर्च्यांवर बसलो होतो. त्यातले दोन राखीव, पण ते कोण हे शेवटपर्यंत ठरत नाही. पहिल्या दिवशी आरोपी आत आला, त्याच्या मानेवर गोंदलेलं होतं, आणि त्या क्षणी माझ्या मनात निकाल लागला होता. एकही साक्ष झालेली नव्हती. हे मी कोणाला बोलले नाही, स्वतःशीही नाही. चौथ्या दिवशी न्यायाधीशांनी 'वाजवी शंका' म्हणजे काय ते सावकाश समजावलं. मग क्लार्कने पेटीतून दोन चिठ्ठ्या काढल्या. दुसरा नंबर माझा. बारा जण उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लागलं. त्या दारामागे माझ्यासारखा मान बघून निकाल लावलेला माणूस बसला असता, तर त्याला थांबवणारं कोणी होतं की नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही. हा चित्रपट मला पुन्हापुन्हा बोलावतो त्याचं एक कारण ते लागलेलं दार आहे.

ल्युमेट आणि छायाचित्रकार बोरिस कॉफमन यांनी त्या खोलीवर केलेलं काम शिकण्यासारखं आहे. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर, माणसं सुटीसुटी. मग तो डोळ्यांच्या रेषेत येतो. शेवटच्या भागात आणखी खाली, इतका की डोक्यावरचं छत दिसायला लागतं. लेन्सही बदलत जातात, भिंती जवळ येतात. जीव गुदमरतो, पण का ते कळत नाही. आणि त्या गुदमरण्यात काय चाललेलं असतं, तर मोजमाप. साक्षीदार असलेला लंगडा म्हातारा पंधरा सेकंदांत दारापर्यंत पोचला म्हणतो, ते चालून बघितलं जातं आणि चाळीसच्या वर सेकंद लागतात. समोरच्या खिडकीतून खून पाहिला म्हणणाऱ्या बाईच्या नाकावर चष्म्याचे वण होते, हे कोणालातरी आठवतं. मग झोपेतून उठून तिने चष्म्याशिवाय पाहिलं तरी काय?

आपण मराठीत 'संशयाचा फायदा देऊन सुटका' म्हणतो. या 'फायदा' शब्दाने घात केलाय. कोणालातरी काहीतरी फुकट मिळालं, असं वाटतं. वर आपल्या बातम्यांत अटकेच्या दिवसापासून आरोपी 'नराधम' असतो, त्यामुळे तो सुटला की न्याय हरला असंच वाचलं जातं. संशय म्हणजे अकरा कंटाळलेल्या माणसांनी घाम गाळून केलेलं काम असू शकतं, हे मी या चित्रपटातून शिकले.

आपल्याकडचंच उदाहरण देते, म्हणजे तिकडे बसून बोलते असं होणार नाही. 2003 साली महाराष्ट्रात एका कुटुंबावर दरोडा, खून, बलात्कार असा भयंकर प्रकार झाला. भटक्या समाजातले सहा जण पकडले गेले. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. 2019च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं, त्या चौघांचा तपास पुढे गेलाच नाही. यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं गेली. 2003 सालीच त्यांना गाडीत गोळ्या घातल्या असत्या तर आमच्या ग्रुपवर अंगठेच आले असते. (तेव्हा ग्रुप नव्हता, अंगठे होतेच.) आणि त्या कुटुंबाला न्याय? खरे गुन्हेगार मोकळेच राहिले. आईला मला एवढं तरी सांगायचं होतं की चुकीचा माणूस मेला तर त्या मुलींच्या आईलाही काही मिळत नाही. बदलापूर प्रकरणात तो माणूस चुकीचा होता असं मी म्हणत नाही. ते ठरवायची जागा कोर्ट होती, आणि पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांच्या स्वसंरक्षणाच्या दाव्यावरच प्रश्न उभे राहिले.

अमेरिकेची आरती ओवाळायला मी हे लिहीत नाही. इथे फौजदारी गुन्ह्यात शिक्षा होणाऱ्या शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांचा खटला ज्यूरीपुढे जातच नाही. सरकारी वकिलाशी तडजोड करून, बरेचदा जास्त शिक्षेच्या भीतीने, ते गुन्हा कबूल करतात. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांना कायद्याकडे वळवण्यात या चित्रपटाचा वाटा होता, पण न्यायाधीश असताना त्या ज्यूररना यातल्यासारखं वागू नका असंच सांगत. फोंडा खुनातल्या चाकूसारखाच चाकू बाहेरून विकत आणतो, ते खऱ्या खटल्यात चालणार नाही. आणि त्या खोलीत एकही बाई नाही, एकही कृष्णवर्णीय नाही. माझ्यासारखी तर त्या दाराच्या आसपासही कुठे दिसत नाही.

तरीही शेवटी मी आतेभावाला बासू चटर्जींचा 1986चा 'एक रुका हुआ फैसला' पाठवला. कथा तीच, हिंदीत. तेव्हा भारतात फौजदारी खटल्यांत ज्यूरी उरली नव्हती, तरी लोकांनी तो पाहिला, अजून पाहतात. दोन आठवडे काही उत्तर नाही. मग एका रात्री मेसेज आला, "पंकज कपूर काय भारी आहे रे बाबा." थोड्या वेळाने दुसरा, "पण समजा, पोरानेच मारला असेल तर?"

"असेलही," मी लिहिलं. "शेवटपर्यंत कोणालाच कळत नाही."

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग ते थांबलं. ग्रुपवर नाही, मला एकटीला त्याने लिहिलं, "ते चष्म्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं."