फलकांवरची चुकीची अपॉस्ट्रॉफी
म्हापशाच्या बाजारातून कळंगुटच्या किनाऱ्याकडे जाताना ‘रूम्स’ या साध्या अनेकवचनात एस अक्षराआधी अपॉस्ट्रॉफी (वरच्या बाजूला येणारे स्वल्पविरामासारखे चिन्ह) ठोकलेला फलक दिसला, की माझा जीव तळमळतो, कारण त्या चिन्हामुळे ‘खोल्या’ न राहता ‘खोलीचे’ असा अर्थ होतो. त्याहून वाईट अवस्था ‘इट्स’ची आहे: अपॉस्ट्रॉफी असेल तर ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’, नसेल तर ‘त्याचे’, एवढा भेद इंग्रजी माध्यमात शिकणारी आमच्या घरची मुलेही पाळत नाहीत. इंग्रजीत ‘फर्निचर’चे अनेकवचन होत नसताना लिहिल्या जाणाऱ्या ‘फर्निचर्स’बद्दल तर बोलायलाच नको. मराठीत ‘घराचे’ आणि ‘घरांचे’ यांतला एक अनुस्वार चुकला तरी आपण लगेच टोकतो. मग रंगाऱ्याच्या हाती इंग्रजी मजकूर देण्यापूर्वी तो एकदा तरी कोणी का तपासत नाही?